पुढच्या सीटमागचे टाके

डॉक्टर लिमयांची हिलमन माझ्या दुकानापुढे येऊन थांबली तेव्हा मी आधी हातातली कात्री खाली ठेवली. राग आला की हातात धारेचं काही असू नये, एवढी अक्कल मला तिशीला टेकल्यावर आली होती. राग मात्र सतराव्या वर्षी होता तेवढाच होता.

पिंपरीत मुंबई-पुणे रस्त्यालगत माझं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान होतं. गोष्ट एकोणीसशे ऐंशीची. ट्रक, टेम्पो, जीप, जे येईल त्याच्या सीटा भरून, शिवून द्यायच्या. बाकीचे कुशनवाले सगळे रेक्झिनवर भागवायचे. खरं कातडं शिवणारा चिंचवडपासून चाकणपर्यंत मी एकटा. हे मी स्वतःच्या तोंडानं सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. त्यामुळे डॉक्टरलाही माझ्याकडे येण्यावाचून इलाज नव्हता आणि त्याचं मला बरं वाटलं.

डॉक्टर उतरले. चांगलेच थकले होते. गाडीच्या दाराला धरून जरा उभे राहिले आणि मग म्हणाले, "ज्ञानदेव, कातड्याचं काम तूच करतोस म्हणे."

माझं नाव त्यांना ठाऊक होतं. असणारच. साऱ्या चाकणच्या बाजारात मी ते त्यांना ओरडून सांगितलं होतं.

आता आमच्या घरातली गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. अडुसष्ट साली माझी थोरली बहीण कस्तुरा, आमची आक्का, चाकणला सासरी होती. पहिलटकरीण. आठवा संपत आला होता आणि गुरुवारी तिला बाळंतपणासाठी आमच्याकडे, कासारवाडीला आणायचं ठरलं होतं. सोमवारीच तिला रक्तस्राव सुरू झाला. नवरा शिफ्टला गेलेला. सासूनं गावातल्या डॉक्टरला, म्हणजे या लिमयांना, बोलावलं. त्यांनी आक्काला स्वतःच्या गाडीत घातलं आणि पुण्याच्या दवाखान्याकडे निघाले. वाटेत कासारवाडी लागते. तिथे आमच्या दारात गाडी थांबली, आणि माझी आई सांगते त्याप्रमाणे डॉक्टर म्हणाले, "बाई, हिला उतरवून घ्या. माझ्या गाडीचं कातडं खराब होतंय." आक्का दोन तासांत घरीच गेली. मूलही पोटातच गेलं. मी कामावरून आलो तेव्हा दारात बायकांची रांग लागली होती.

तेव्हापासून आमच्या घरात रोज संध्याकाळी या माणसाच्या नावानं बोटं मोडली जात. वडील, कोंडीराम, कंपनीतून आले की चहाच्या आधी एक शिवी हासडायचे. आई पदर डोळ्याला लावायची. मी तरुण, मी दोघांच्या वरताण. वर्षश्राद्ध झाल्यावर मी चाकणच्या आठवडे बाजारात त्यांची गाडी अडवली, बॉनेटवर मुठी आपटल्या आणि जमलेल्या गर्दीला सांगितलं की हा माणूस अडल्या बाईपेक्षा कातड्याला जपतो. डॉक्टरनं काच वर केली आणि गर्दी फुटेपर्यंत आत बसून राहिला. त्यानंतर आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे पेशंट त्यांच्याकडे जायचे बंद झाले. मला त्याचा अभिमान होता. लग्नकार्यात मी हे मीठमसाला लावून सांगायचो.

"दवाखाना बंद केला मी," डॉक्टर म्हणाले. "मुलीकडे नाशिकला चाललोय. गाडी पुतण्याला देतोय. देण्याआधी सीटा नीट करून द्याव्यात म्हटलं. होईल?"

"होईल," मी म्हणालो.

खरं तर नाही म्हणणार होतो. पण तेवढ्यात डोक्यात आलं, की ज्या कातड्यापायी माझी बहीण गेली ते याच्या डोळ्यांदेखत टराटरा फाडायला मिळतंय. ही संधी सोडायची म्हणजे मूर्खपणाच. डॉक्टरनं विचारलं, इथेच बसलं तर चालेल का. मी स्टूल पुढे सरकवलं. बस म्हटलं मनात, बघ.

मागची सीट बाहेर काढून फळ्यांवर ठेवली. लाल कातडं. कधीकाळी भारी असणार, आता कडांना भेगा आणि बसायच्या जागी पार झिजून गेलेलं. मी कातडं कापायची रापी उचलली. एक उभा घाव घालायचा आणि दोन्ही हातांनी ओढायचं, एवढंच काम होतं. आणि माझा हातच उठेना. दया वगैरे काही नव्हती. आमच्या धंद्यात जुनं कातडं फाडायचं नसतं, उसवायचं असतं. जुना तुकडा हाच नव्याचा नमुना. एकेक शिवण उसवायची, तुकड्यांवर खडूनं आकडे टाकायचे आणि ते नव्या कातड्यावर पसरून आखणी करायची. ज्या मिस्त्रीनं मला कंपनीच्या बस-सीटच्या खात्यात हे शिकवलं, त्यानं एकदा फाडलेली सीट माझ्या डोक्यात घातली होती. तेव्हा सूड राहिला बाजूला आणि मी मुकाट्यानं उसवायला बसलो. स्वतःचाच संताप आला.

कातडं निघालं. खाली गोणपाट होतं आणि त्याच्यावर मधोमध पसरलेला मोठा काळपट डाग. शिवणीशिवणीतून झिरपून तो खालच्या काथ्यापर्यंत उतरला होता. बारा वर्षं त्यावर माणसं बसली होती. मी तो हातानं चाचपला. कोरडा, कडक. माझ्या आक्काचं तेवढंच काय ते या जगात उरलं होतं आणि ते या माणसाच्या सीटमध्ये होतं. मी जमिनीवर बसलो.

"झालं खराब तुमचं कातडं," मी म्हणालो.

"कातडं त्याच दिवशी पुसलं गेलं," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "आतलं राहिलं."

आणखी एक शब्द बोललो असतो तर हात उचलला असता. उठलो आणि पुढच्या सीटला लागलो. या गाडीला पुढची सीट एकसंध, बाकड्यासारखी. तिच्या पाठीमागच्या बाजूला, खाली, रेक्झिनची एक पट्टी चुका, म्हणजे बारीक खिळे, मारून बसवली होती. गाडी विलायती, पट्टी देशी, आणि चुका ठोकणारा हात अगदीच अडाणी. मी पट्टी काढली.

खाली कातडं कापलेलं होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एका रेषेत, कडा जराही न फाटता. रापीनं असा काप जात नाही. फार बारीक पात्याचा होता तो. आणि पुन्हा शिवलेला होता. ती शिवण मी बघतच राहिलो. कुशनवाला कुठलाही असो, धागा एक लांब घेतो आणि शेवटपर्यंत ओढत नेतो. इथे प्रत्येक टाका वेगळा, प्रत्येकाला स्वतःची गाठ, आणि गाठ कापून धाग्याची दोन टोकं तशीच ठेवलेली. काळं रेशीम. तेवीस टाके मोजले. कातडं असं जगात कोणी शिवत नाही. असं माणसाला शिवतात. कंपनीत माझा अंगठा पत्र्यानं कापला तेव्हा मला असे चार घातले होते.

"हे तुम्ही शिवलंत?" मी विचारलं.

डॉक्टर स्टुलावरून उठले नाहीत. "पट्टीखालचं राहू दे की. वरून नवं कातडं चढव."

"कापलं कोणी?"

"मीच."

"कशाला?"

ते रस्त्याकडे बघत राहिले. एक ट्रक गेला, दुसरा गेला. मग म्हणाले, "मोशीच्या पुलावर रक्त वाढलं. पाय उंच करायला हवे होते. गाडीत उशी नाही, काही नाही. ऑपरेशनचं पातं पेटीत होतं. सीटची पाठ कापली, आतली गादी ओढून काढली आणि तिच्या पायांखाली घातली. रक्त कमी झालं होतं, ज्ञानदेव. पुण्यापर्यंत टिकली असती असं वाटत होतं मला. नक्की कोणीच सांगू शकत नाही, पण वाटत होतं."

स्वतःच्या हातानं स्वतःच्या गाडीचं कातडं कापणारा माणूस, कातडं खराब होतंय म्हणून अडल्या बाईला उतरवतो? दोन्ही गोष्टी एका डोक्यात बसत नव्हत्या. यातली एक खोटी होती. आणि खोटी असेल ती माझ्या आईची, हे कळायला मला वेळ लागला नाही. पटायला लागला.

"मग कासारवाडीला का उतरवलीत?"

"आई पाहिजे म्हणत होती ती. सारखी. म्हटलं, तुमच्या दारावरूनच रस्ता जातोय, आईला बरोबर घेऊ. म्हणून थांबलो." मग ते माझ्याकडे वळले. "थांबलो ही माझी चूक. बाजारात तू शिव्या घातल्यास त्या चुकीच्या माणसाला नव्हत्या घातल्यास. कारण तेवढं वेगळं होतं."

"पुढे काय झालं?"

"ते वडिलांना विचार. आईला विचारू नकोस. एवढं ऐक माझं."

बाजारातल्या त्या दिवसाची मला इतकी लाज वाटली की त्यांच्याकडे पाहवेना. पाया पडावं असं मनात आलं, पण पाया पडायलाही तोंड लागतं. मी दुकान तसंच उघडं टाकलं, डॉक्टरना त्यांच्या कापलेल्या सीटसमोर बसवून ठेवलं आणि सायकल काढली.

पहिली शिफ्ट सुटायची वेळ झाली होती. कंपनीच्या गेटमधून खाकी कपड्यांचा लोंढा बाहेर पडला. त्यात माझे वडील, आबा, डबा हलवत, कोणाशी तरी हसत येत होते. माझा चेहरा बघितला आणि त्यांनी सोबत्यांना पुढे जायला सांगितलं. आम्ही गेटपासून लांब, कुंपणाच्या कडेला जाऊन उभे राहिलो.

"लिमये डॉक्टरांची गाडी आलीय दुकानात," मी म्हणालो. "सीट उसवली."

आबांनी डबा खाली ठेवला. विचारलं नाही काय दिसलं म्हणून. त्यावरूनच मला कळलं.

"तुमाला ठाऊक हुतं," मी म्हणालो. रागात माझी भाषाही घरची होते.

"व्हय."

"कवापास्नं?"

"नवव्या दिसापास्नं. डाक्टर हितं आला हुता, या गेटावर. म्हनला, कोंडीराम, तुमच्या घरात येगळंच सांगत्यात, पर झालं ते असं असं. पोरीला दवाखान्यात न्यायची सोडून आक्काबाईनं उतरवून घ्यायला लावली." आक्काबाई म्हणजे आमच्या आळीतली सुईण, ती मरून चार वर्षं झाली होती. "म्हातारी समद्यांना म्हनायचीच, पैलं बाळातपन म्हायेरी व्हावं, दवाखान्यात पोट फाडत्यात. तुजी आय भ्याली. तिनं ऐकलं."

"आन् शिव्या डाक्टरला?"

"मंग कुनाला देऊ?" आबा पहिल्यांदाच माझ्यावर खेकसले. "आठव्या दिशी तुज्या आयला म्या हिरीवरनं माघारी आनली. काठावर उबी हुती. तुला न्हाई सांगितलं. ती डाक्टरच्या नावानं रडायची तवर जगत हुती. तिला कळलं असतं की मला समदं ठाऊक हाय, तर दुसऱ्या दिशी गेली असती. म्हनून डाक्टरला हितंच, या मातीत बसून इनवलं, की आमच्या घरात तुमाला शिव्या पडत्यात, पडू द्या. त्यो देवमानूस बरं म्हनला. तू बाजारात तमाशा केलास त्या दिशी चाकनला जाऊन म्या त्याचं पाय धरलं."

म्हणजे बारा वर्षं रोज संध्याकाळी चहाच्या आधी हासडलेली ती शिवी बायकोला ऐकू जावी म्हणून होती. मनापासून शिव्या देणारा आमच्या घरात मी एकटाच गाढव होतो. आणि माझ्या शिव्या घरात थांबल्या नव्हत्या. त्यांनी एका माणसाचा दवाखाना बंद पाडला होता. मला आबांचा राग यावा की कीव, ते कळेना. दोन्ही आली.

"आता काय करू मी?"

"काय न्हाई करायचं," आबा डबा उचलत म्हणाले. "रोज देतूस तशी शिवी द्यायची. आजबी. तिला कळता कामा न्हाई, ग्यानबा."

दुकानावर परत आलो तेव्हा डॉक्टर निघून गेले होते. गाडीची किल्ली हातोड्याखाली ठेवली होती आणि उघड्या दुकानातली माझी हत्यारं कोणी उचलू नयेत म्हणून शेजारच्या पंक्चरवाल्याला बसवून गेले होते. मी गोणपाटाचा तो डाग कापून वेगळा केला, घडी घालून कपाटात ठेवला आणि दुकान बंद केलं. त्या दिवशी दुसरं काही झालं नाही माझ्याकडून.

घरी दिवेलागण झाली होती. आई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. आबा भिंतीला टेकून बसले होते आणि मी पाय धुऊन आत आल्याबरोबर त्यांनी मला नजरेनं बजावलं.

"पंक्चरवाल्याची बायको सांगत हुती, त्या मेल्याची गाडी आलीया तुज्याकडं," आई मान वर न करता म्हणाली.

"आलीया," मी म्हणालो.

"मंग?"

मग मी शिवी दिली. बारा वर्षं दिलेलीच. ती तोंडात इतकी बसलेली होती की शब्द आपोआप बाहेर पडले. कातड्यावर जीव टाकणारा, अडल्या बाईच्या मुळावर उठणारा, सगळं म्हटलं. माझ्या पाठोपाठ आबांनीही त्यांची नेहमीची हासडली. त्यांची अगदी खणखणीत निघाली.

आईनं भाकरी तव्यावर टाकली. तिच्यावर पाणी फिरवलं. आणि म्हणाली, "आज तुला शिवी येईना."

तिनं भाकरी उलटली आणि विचारलं,

"सीट फाडलीस का उसवलीस?"

"उसवली."

"मंग दिसलं आसंल." तिनं हात पदराला पुसले आणि आबांकडे वळून बघितलं. ती विचारत होती तेव्हा मी तर त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं. "तुमीबी दचकला न्हाई. तुमाला कवापास्नं?"

आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे. "नवव्या दिसापास्नं," ते म्हणाले. मग घाईघाईनं पुढे सरकले. "तुजा काय दोस न्हाई, गिरजा. म्हातारीचं डोकं त्ये. आक्काबाईनं तुला भ्या घातलं. तू काय करनार."

"आक्काबाईनं न्हाई," आई म्हणाली.

आबा थांबले.

"डाक्टरला आमचं बोलनं कुठं ऐकू येतंय, मला बलवून त्यो माघारी गाडीकडं धावत हुता. म्हातारी त्याच्यासंगं बोलली न्हाई, त्यानं आपलं मनानं धरलं. आक्काबाई मला म्हनत हुती, गिरजे, जाऊ दे गाडी, ह्ये माज्या हातातलं न्हाई." आई सरळ आमच्याकडे बघून बोलत होती. रडत नव्हती. "म्या खोली सारवून ठिवली हुती. बाज टाकली हुती. डिंकाचं लाडू केलं हुतं. समदी आळी दारात जमली हुती. म्हनलं, माजी लेक पैल्या बाळातपनाला माज्या दारावरनं तशीच पुढं जाती का? लोक काय म्हनतील, आयला जड झाली व्हय? कस्तुरा म्हनत हुती, आये, मला उतरवू नगं, तू वर ये, माज्याजवळ बस. डाक्टरनं तिचं पाय उंच ठिवलं हुतं गादीवर."

तिनं आपले दोन्ही हात पुढे केले, पिठानं पांढरे झालेले, आणि आम्हाला दाखवले.

"म्या तिला खाली घेतलं."

आबांना एवढंच माहीत नव्हतं.